टाचेचं हाड मोडलंय : मोठी चीर की छोट्या छेदातून शस्त्रक्रिया?

कलमांच्या_गावची | १७ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार. घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा दादा (वय ४१) राजापूर तालुक्यात गावी असतो. १४ तारखेला सकाळी हापूस उतरवताना कलमावरून पडला. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) पोचत नव्हता म्हणून कडेच्या फांदीवर गेला आणि फांदीच मोडली. पंधराएक फूट उंची, खाली कातळ. पायांवर उभाच आदळला. डाव्या पायाला मुका मार आहे, उजवी टाच मात्र गेली.

तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे काढला. टाचेचं हाड मोडून दबलंय, भेग सांध्यात गेलीय, एवढं सांगितलं. मागून स्लॅब (अर्धं प्लास्टर) घातला आणि "सूज उतरू दे, तीन आठवड्यांनी या" म्हणून घरी पाठवलं. पाय भोपळ्यासारखा सुजलाय. तळव्यावर काळंनिळं उतरलंय. कालपासून बाहेरच्या घोट्याखाली पाण्याचे फोड आलेत.

घरात तीन मतं आहेत. आई आणि काकांना हाडवैद्याकडे न्यायचंय. वहिनीचा भाऊ म्हणतो, मोठं ऑपरेशन करून प्लेट घातल्याशिवाय गत्यंतर नाही. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या मेहुण्याचं ऑपरेशन दोन बोटांएवढ्या छेदातून झालं आणि तो आता बरा चालतो. ही छोट्या छेदाची पद्धत खरंच चांगली असते का? सगळ्यांना चालते का? तीन आठवडे थांबायचं का? दादा विडी ओढतो, साखर नाही. घर त्याच्यावर चालतं. मी पुण्यात आहे, शनिवारी निघतेय.

---

डॉ_सह्यगिरी | १७ एप्रिल, रात्री ११:०५

ताई, मी हाडांचा डॉक्टर आहे, साताऱ्याकडे काम करतो. फोटो पाहून इथे निदान करणार नाही, पण काही गोष्टी उद्या सकाळीच करा.

पहिली गोष्ट, टाचेच्या मागची कातडी बघा. जिथे पोटरीची जाड शीर टाचेला चिकटते तिथे. कातडी आतून ताणल्यासारखी, पांढरी पडलेली दिसली तर रात्र-दिवस न बघता निघा. काही फ्रॅक्चरमध्ये मागचा तुकडा शिरेबरोबर वर ओढला जातो आणि आतून कातडीला टोचतो. ती कातडी काही तासांत मरू शकते.

दुसरं, बोटं हलवताना असह्य कळ येते का, बोटं बधिर आहेत का? तळपायात दाब वाढल्याची ती खूण असते. असं असेल तरी लगेच निघा.

तिसरं, कंबर दुखते का? उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाचा धक्का टाचेत थांबत नाही, वर मणक्यापर्यंत जातो. टाच मोडलेल्या दहांतल्या साधारण एकाच्या मणक्यालाही इजा असते. पायाच्या वेदनेपुढे माणूस ती सांगत नाही. कमरेचा एक्स-रे काढलेला नसेल तर काढून घ्या.

चौथं, सीटी स्कॅन. हा टाचेच्या हाडाचा नकाशा. साध्या एक्स-रेवरून ऑपरेशन लागेल का आणि कोणतं, हे नीट ठरत नाही.

आणि तीन आठवडे थांबू नका. छोट्या छेदाचा विचार असेल तर तीन आठवड्यांनी ती वाट बंद झालेली असेल. उद्या सविस्तर लिहितो. तोवर पाय छातीपेक्षा उंच, दोन उशांवर. फोड फोडायचे नाहीत. फडक्यात गुंडाळलेला बर्फ, थेट फोडांवर नाही. विडी आजपासून बंद.

---

जुनी_विहीर | १८ एप्रिल, सकाळी ७:३०

ताई, आमच्याकडे दोन पिढ्या हाडवैद्याचा अनुभव आहे. मनगट, कोपर, बरगडी, सगळं बसवून दिलेलं आहे. ऑपरेशनच्या नादी लागण्याआधी एकदा दाखवून बघायला हरकत नाही असं वाटतं.

---

डॉ_सह्यगिरी | १८ एप्रिल, सकाळी ८:१५

जुनी_विहीर, तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. लहान मुलाचं न सरकलेलं मनगट बांधून ठेवलं तरी जुळतं. टाचेची गोष्ट वेगळी आहे.

टाचेचं हाड म्हणजे पातळ कवच आणि आत जाळीदार हाड. त्याच्यावर घोट्यातलं दुसरं हाड बसलेलं असतं. माणूस उंचावरून पडला की ते वरचं हाड लाकडात पाचर ठोकावी तसं टाचेत घुसतं. टाचेची उंची कमी होते, ती रुंदीला फुगते, बहुतेकदा आत कलते, आणि सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग खाली दबून जातो. आत दबलेला तुकडा बाहेरून चोळून वर येत नाही. वर सुजलेल्या, फोड आलेल्या कातडीवर गरम लेप लावून घट्ट बांधलं तर आहे ती कातडीही जाते. या दुखण्यात कातडी ही सगळ्यात नाजूक गोष्ट आहे. कृपा करून चोळू देऊ नका.

---

कलमांच्या_गावची | १८ एप्रिल, दुपारी १:४०

मागची कातडी ठीक आहे, बोटं हलतात. पण डॉक्टर, कंबर दुखते! वहिनीने विचारल्यावर म्हणाला, "पडल्या दिवसापासून दुखते, पडलो म्हणून दुखत असेल असं वाटलं." एक्स-रे फक्त पायाचाच काढला होता.

उद्या पहाटे गाडी करून अणुस्कुऱ्याच्या घाटाने कोल्हापूरला नेतोय. मी पुण्याहून थेट तिथेच पोचते. काकांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते पाचरेचं त्यांना पटलं.

---

गवंडीकाम | १८ एप्रिल, संध्याकाळी ६:२०

ताई, तुमचा धागा वाचून हात थरथरतोय. मी बांधकामावर सुपरवायझर होतो. २०११ मध्ये नाशिकला सेंटरिंगची फळी सरकून बारा फुटांवरून पडलो. डावी टाच.

माझं ऑपरेशन चौथ्याच दिवशी केलं. पाय तेव्हा इतका सुजला होता की कातडी चकाकत होती. इंग्रजी एल अक्षरासारखी मोठी चीर. मागून खाली आली आणि तळव्याच्या कडेने पुढे गेली. प्लेट, स्क्रू, एक्स-रेत सगळं सुंदर दिसत होतं. दहाव्या दिवशी चिरेचा कोपरा काळा पडायला लागला. मग पू. मग दर दिवसाआड ड्रेसिंग, जखमेतलं पाणी ओढून घेणारी पंपाची पट्टी, अँटिबायोटिकच्या सलाइन. पाच महिन्यांनी प्लेट काढली तेव्हा जखम भरली. अकरा महिने घरी होतो. बायकोने पापड लाटून घर चालवलं.

हाड जुळलं. कातडीने मारलं मला. घाई करू नका असं सांगतो. आणि जिथे कराल तिथल्या सर्जनला सरळ विचारा, टाचेची किती ऑपरेशनं केलीत. विचारायला लाजू नका. मी लाजलो होतो.

---

डॉ_सह्यगिरी | १८ एप्रिल, रात्री ९:५०

गवंडीकाम, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे, कारण छोट्या छेदाची पद्धत रुजली ती नेमक्या याच त्रासामुळे.

टाचेच्या बाहेरच्या बाजूला कातडीखाली मांस जवळजवळ नाही. मोठ्या चिरेत कातडीचा अख्खा पडदा हाडावरून उचलावा लागतो. त्या पडद्याच्या कोपऱ्याला एका बारीक धमनीतून रक्त मिळतं. सूज असताना चीर दिली किंवा रुग्ण धूम्रपान करणारा असला की तो कोपराच आधी काळा पडतो. मोठ्या चिरेनंतर जखमेच्या तक्रारी काही अभ्यासांत २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्या आहेत. म्हणून मोठी चीर द्यायची तर सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत थांबतात, बहुतेकदा १० ते १४ दिवस.

छोट्या छेदाच्या मुख्य दोन तऱ्हा आहेत.

एक, बाहेरच्या घोट्याच्या टोकाखालून चौथ्या बोटाच्या दिशेने ३-४ सेंटिमीटरचा छेद. आम्ही त्याला सायनस टार्साय मार्ग म्हणतो. कातडीचा पडदा उचलावा लागत नाही. स्नायूंच्या दोऱ्या बाजूला घेतल्या की दबलेला सांधा समोर दिसतो. तो डोळ्यांनी बघत खालून वर उचलायचा. टाच आत कललेली असते, ती सरळ करायला मागून एक जाड पिन घालून हाड खाली आणि बाहेर ओढायचं. आतल्या बाजूचा एक तुकडा अस्थिबंधांनी धरलेला असल्यामुळे सहसा जागचा हलत नाही. त्याच्यावर बाकीचे तुकडे बेतायचे आणि स्क्रू त्याच्यात नेऊन बसवायचे. लागलीच तर लहान प्लेट त्याच छेदातून सरकवतात.

दुसरी, सांधा न उघडता, नुसत्या टोचण्यांमधून. सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर, चित्र बघत पिनने तुकडा तरफेसारखा उचलायचा आणि पोकळ स्क्रू घालायचे. ही युक्ती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांच्या दुखापती पाहिलेल्या एसेक्स-लोप्रेस्टी या ब्रिटिश सर्जनच्या नावाने ती ओळखली जाते. टाचेच्या फ्रॅक्चरवरचा त्यांचा निबंध १९५२ चा, त्यांच्या मृत्यूनंतर छापलेला. मागचा तुकडा जिभेसारखा लांब, एकसंध असेल तिथे ही युक्ती उत्तम चालते. सांधा चुरा झाला असेल तर नाही, कारण सांध्याच्या पृष्ठभागात राहिलेली उंचसखल पायरी सी-आर्म पुरेशी दाखवत नाही.

आता वेळ. छोट्या छेदातून सर्जनला तुकडे लांबून हलवायचे असतात. पहिल्या आठ-दहा दिवसांत ते सुटे असतात. दोन आठवडे झाले की चिकटायला लागतात आणि मग ते सोडवायला मोठी चीरच द्यावी लागते. सूज थोडी असतानाही छोटा छेद देता येतो ही त्याची मोठी सोय आहे, पण फोड असलेल्या जागेतून नाही. म्हणून मी काल "थांबू नका" म्हटलं, आणि गवंडीकाम "घाई करू नका" म्हणतात तेही बरोबर आहे. ते मोठ्या चिरेबद्दल बोलताहेत.

---

थेम्सकाठची_सुगंधा | १९ एप्रिल, पहाटे २:१०

मी ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, मूळची सांगलीची. डॉक्टरांचं सगळं मान्य, पण एक बाजू इथे यायला हवी. ऑपरेशन करायचंच हे गृहीत धरू नका.

इथे २२ रुग्णालयांत मिळून एक चाचणी झाली, २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. टाच मोडलेले १५१ रुग्ण. निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांचं नाही, आणि कोणाचं करायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. दोन वर्षांनी दुखणं आणि चालणं यांत दोन्ही गटांत फरक निघाला नाही. गुंतागुंत मात्र ऑपरेशनवाल्यांत २३ टक्के आणि दुसऱ्या गटात ४ टक्के. त्याआधी २००२ मध्ये कॅनडातली ४२४ रुग्णांची चाचणी आली. तिथेही सगळे मिळून फरक नव्हता. मात्र कामावरच्या अपघाताची भरपाई घेणारे वगळले तर ऑपरेशनवाल्यांचं बरं निघालं, तसंच स्त्रियांचं आणि तरुण रुग्णांचं.

मी रोज दोन्ही तऱ्हेचे रुग्ण चालवते. ऑपरेशन न केलेले कितीतरी जण कामावर परत जातात.

---

डॉ_सह्यगिरी | १९ एप्रिल, सकाळी ७:५५

सुगंधाताई, बरं झालं लिहिलंत. या दोन चाचण्या मीही रुग्णांना सांगतो. दोन गोष्टी जोडतो. दोन्हींत ऑपरेशन मोठ्या चिरेचं होतं, आणि तिथली गुंतागुंत मुख्यतः जखमेची. त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा छोट्या छेदाला लावता येत नाही. आणि ब्रिटनच्या चाचणीत टाच फारच वेडीवाकडी झालेले, फुगून बाहेरच्या घोट्याला टेकलेले रुग्ण घेतलेच नव्हते.

माझ्यापुरतं मी असं धरतो: हाड सरकलेलं नसेल तर ऑपरेशन नाही. सांधा दोन-तीन तुकड्यांत फुटून दबलाय, माणूस कष्टाचं काम करणारा आहे, दिवस हातात आहेत, तर छोटा छेद. सांध्याचे चार किंवा जास्त तुकडे झाले असतील तर कुठल्याही मार्गाने निकाल कठीण असतो, आणि काही वेळा तो सांधा पहिल्याच ऑपरेशनमध्ये जोडून टाकण्याचा, म्हणजे दोन हाडं एकत्र करून त्याची हालचाल कायमची बंद करण्याचा, पर्याय ठेवावा लागतो. छोटा छेद प्रत्येकाला बसवायचा म्हणून सांधा वाकडाच ठेवणं, हे मला मोठ्या चिरेपेक्षा वाईट वाटतं.

---

थेम्सकाठची_सुगंधा | १९ एप्रिल, दुपारी १२:३०

हे मान्य. शेवटचं वाक्य तर फारच.

---

माडांची_सावली | १९ एप्रिल, रात्री ८:४५

मी गोव्याचा, पेडण्याकडचा. माझे बाबा पाडेली (नारळ पाडणारे) होते, पन्नास वर्षं माडावर चढले. १९९८ मध्ये पडले तेव्हा प्लास्टर घातलं आणि तीन महिन्यांनी काढलं. सीटी वगैरे कोणी बोललं नाही.

टाच जुळली, पण रुंद आणि बसकी. बूट चढेना, चपलेचा पट्टा बसेना. सपाट रस्त्यावर ते चालायचे. कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) शिरले की पाय वाकडा पडायचा. पाय आतबाहेर वळतो तो टाचेच्या वरच्या सांध्यात, आणि तोच गेला होता. खडकावर, उतारावर, वाळूत पाऊल कसं टाकायचं हेच त्यांना कळेनासं झालं. बाहेरच्या घोट्याखाली दोऱ्या चिमटून कायम दुखायचं. सात वर्षांनी सांधा जोडायचं ऑपरेशन केलं तेव्हा दुखणं थांबलं, वळणं कायमचं गेलं. पुन्हा माडावर ते चढले नाहीत.

तुमच्या दादाला रोज कातळावर आणि कलमांच्या मुळांतून फिरायचंय. सुगंधाताईंचे आकडे खरे असतील, पण शहरातला फुटपाथ आणि आमची जमीन सारखी नाही, हेही डॉक्टरांना सांगा. तो माणूस काय काम करतो हे त्यांना कळलं पाहिजे.

---

कलमांच्या_गावची | २० एप्रिल, रात्री ११:३०

कोल्हापूरहून लिहितेय. सीटी झाली. सँडर्स प्रकार दोन म्हणाले, म्हणजे मुख्य सांध्याचे दोन तुकडे आणि त्यातला बाहेरचा दबलेला. बोलर कोन, म्हणजे टाच किती दबलीय त्याचं माप, ४ अंश, तो २० ते ४० असायला हवा असं त्यांनी एक्स-रेवर रेघा मारून दाखवलं. दुसरी टाच बघितली, ती शाबूत.

आणि कमरेत पहिला मणका थोडा चेपलाय. धोका नाही, पट्टा बांधायचा आहे. डॉक्टर, तुम्ही विचारलं नसतं तर कोणीच बघितलं नसतं. तुमचे उपकार कसे फेडू ते कळत नाही.

माडांची_सावली, तुमच्या बाबांची गोष्ट मी सर्जनना सांगितली. त्यांनी दादाला विचारलं, "दिवसभरात उतारावर किती चालता?" दादा म्हणाला, "सपाट असं आमच्याकडे अंगणच तेवढं."

छोट्या छेदातून करायचं ठरलं. फोड छेदाच्या जागेपासून खाली आहेत आणि वाळताहेत. २३ तारखेला, म्हणजे पडल्यापासून नवव्या दिवशी. वर्षाला टाचेची किती करता, हे विचारलं (गवंडीकाम दादा, तुमच्यामुळे). त्यांना राग आला नाही, नीट उत्तर दिलं. मध्ये अडचण आली तर छेद वाढवावा लागेल, हेही आधीच सांगून ठेवलं. महात्मा फुले योजनेत बसेल का, ते उद्या तिथल्या आरोग्यमित्रांना विचारणार आहे.

---

गवंडीकाम | २० एप्रिल, रात्री ११:४८

देव पाठीशी उभा राहो. झाल्यावर दोन ओळी टाका.

---

कलमांच्या_गावची | २३ एप्रिल, रात्री ९:००

झालं. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत अडीच तास. मणक्यामुळे कमरेतून भूल न देता पूर्ण भूल दिली. छेद माझ्या करंगळीपेक्षा लहान आहे. शिवाय टाचेच्या मागे आणि बाजूला टोचण्याच्या चार जागा. पाच स्क्रू, प्लेट नाही. कोन ४ वरून २६ झाला. शुद्धीवर आल्यावर दादाने पहिलं विचारलं, "राहिलेला आंबा कोण उतरवतोय?"

---

चुलीवरची_भाकरी | २४ एप्रिल, सकाळी १०:१५

बातमी वाचून बरं वाटलं. माझ्या नवऱ्याची टाच दोन वर्षांपूर्वी मोडली होती. डॉक्टर लोक पायाचं सांगतात, घराचं कोणी सांगत नाही, म्हणून वहिनीसाठी लिहिते.

दोन-अडीच महिने पाय टेकायचा नाही म्हणजे नाही. गावच्या घरात उंबरठे, पडवीची पायरी, बाहेरचा संडास. घरी न्यायच्या आधी हे करून ठेवा. झोप पलंगावर, खाली नाही, कारण जमिनीवरून एका पायावर उठता येत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून संडासात ठेवा, चारही पाय पक्के बसलेत ना ते स्वतः बसून बघा. आंघोळीला दुसरी खुर्ची, पायाला प्लास्टिकची पिशवी, वरून चिकटपट्टी. जमिनीवर पाण्याचा थेंब राहू देऊ नका. आमच्याकडे कुबडी घसरून दुसऱ्यांदा पडायची वेळ आली होती. कुबड्यांचे रबर झिजले की लगेच बदला. कंबरही दुखावलीय म्हणून सुरुवातीला वॉकर बरा.

आणि त्यांच्याशी बोलत राहा. कमावता माणूस खाटेवर पडला की पाचव्या-सहाव्या आठवड्यात चिडायला लागतो. आमचे हे जेवत नव्हते. हिशेबाची वही त्यांच्या हातात दिली तेव्हा जरा माणसात आले.

---

थेम्सकाठची_सुगंधा | २४ एप्रिल, रात्री ११:२०

चुलीवरची_भाकरी, हे आम्ही रुग्णांना छापून द्यायला हवं.

व्यायामाचं मी लिहिते, पण सुरू कधी करायचं ते सर्जन सांगतील. जखम शांत झाली की वजन न टाकता हालचाल लवकर सुरू करतात. छोट्या छेदाचा फायदा इथे दिसतो, कारण जखम भरायची वाट फार बघावी लागत नाही. बोटं आणि घोटा वरखाली. मग पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायची, सावकाश, मोठी अक्षरं. त्यात पाऊल आतबाहेर वळतं आणि तोच सांधा आपल्याला वाचवायचाय. दिवसातून चार-पाच वेळा. दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर प्रमाण कमी करा.

वजन टाकायची परवानगी मिळाली की घरातला वजनकाटा काढा. दुखरा पाय काट्यावर ठेवून १० किलो म्हणजे किती दाब ते पायाला शिकवायचं, मग १५, मग २०. अंदाजाने माणूस नेहमी जास्त टाकतो.

पोटरी अचानक दुखली, कडक आणि गरम झाली किंवा दम लागला तर थांबू नका, लगेच दवाखाना. शिरेत गुठळी झाल्याचं ते लक्षण असतं.

---

कलमांच्या_गावची | ११ मे, सायंकाळी ७:०५

टाके काढले. जखम कोरडी. टोचण्याच्या एका जागेतून थोडं पाणी येत होतं, तेही थांबलं. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीपर्यंत बधिर वाटतं म्हणतो. हे काळजीचं आहे का?

विडी ओढत नाही. वहिनी म्हणते, दोनदा मागितली, काकांनी दिली नाही. काकाच आता पहारा देतात.

---

डॉ_सह्यगिरी | ११ मे, रात्री १०:००

त्या भागातून एक नस जाते, छेदाजवळ तिला ताण बसतो. बहुतेकांचा बधिरपणा काही महिन्यांत कमी होतो, काहींचा थोडा राहतो. चालण्यावर त्याचा परिणाम होत नाही. पुढच्या तपासणीत आवर्जून सांगा. काकांना माझा नमस्कार.

---

कलमांच्या_गावची | २७ जून, रात्री ९:३०

नऊ आठवड्यांनी एक्स-रे काढला. हाड भरतंय, सांधा जागेवर आहे. थोडं थोडं वजन टाकायला सांगितलं. वजनकाटा गावात शाळेतच होता, मास्तरांनी सुट्टीच्या दिवशी आणून दिला. पहिल्या दिवशी १० किलोवर दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून की पाय टेकला म्हणून, ते त्याने सांगितलं नाही.

या वर्षी भाताची लावणी त्याने पडवीतून बघितली.

---

पाऊलखुणा_नवा | ३ जुलै, दुपारी ४:१५

नवीन सभासद आहे. माझ्या वडिलांची (६७, मधुमेह, साखर तीनशेच्या वर) टाच जिन्यावरून पडून मोडली, आज पाचवा दिवस. धागा पूर्ण वाचला. छोट्या छेदातून करून घ्यावं का?

---

डॉ_सह्यगिरी | ३ जुलै, रात्री ९:२०

या साखरेवर कुठलाही छेद धोक्याचाच. आधी साखर ताब्यात आणा आणि पायातला रक्तपुरवठा तपासून घ्या. पायाला मुंग्या, बधिरपणा आधीपासून होता का तेही सांगा. सीटी आणि मागच्या कातडीची पाहणी मात्र आजच. वडिलांच्या वयात आणि प्रकृतीत ऑपरेशन न करणं हा कमीपणा नाही, अनेकदा तोच योग्य निर्णय असतो. फारच सरकलं असेल तर नुसत्या टोचण्यांतून आकार सावरण्याचा विचार करतात. व्यक्तिगत निरोप करा, तुमच्या जवळ कुठे दाखवता येईल ते बोलू.

---

कलमांच्या_गावची | १९ ऑक्टोबर, रात्री १०:४०

दिवाळीला गावी जाणार आहे, त्याआधी इथे लिहायचं होतं.

सहा महिने झाले. दादा काठीशिवाय चालतो. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं लंगडत. उतरताना पाय आडवा टाकतो. दोन-तीन तास उभा राहिला की संध्याकाळी सूज. टाच दुसऱ्या टाचेपेक्षा जराशी रुंद आहे, पण जुनी चप्पल बसते. आतबाहेर वळणं सर्जननी मोजलं, दुसऱ्या पायाच्या निम्म्याहून थोडं जास्त आहे आणि अजून सुधारेल म्हणाले. पुढे कधीतरी सांधा झिजू शकतो, हेही लपवलं नाही. बधिरपणा करंगळीपुरता उरलाय.

कलमांवर या वर्षी तो चढणार नाही. फवारणी खालून लांब नळीने करायची ठरवलीय आणि उतरवणीला दोन गडी जास्त घ्यायचे आहेत. झेल्याच्या काठ्या लांब करून घेतल्यात. काकांनी कमरेला बांधायचे पट्टे आणलेत, सगळ्या गड्यांसाठी. वर जाणाऱ्याने तो बांधल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगून ठेवलंय.

गवंडीकाम दादा, तुमचं विचारायचं राहून गेलं. तुमचा पाय आता कसा आहे?

---

गवंडीकाम | २० ऑक्टोबर, सकाळी ६:५०

चालतो ताई. थंडीत दुखतो. पुन्हा साइटवर जातो, पण आता सुरक्षेचं काम बघतो. सेंटरिंगच्या प्रत्येक फळीवर आधी स्वतः पाय देऊन बघतो, मग माणसं चढवतो. पट्ट्यांचे हूक काकांना दर महिन्याला तपासायला सांगा. गंज पकडतात कोकणात.